चिठ्ठीवर राग कशाला?

आमच्या मुलीच्या शाळेत सध्या सह्यांचा एक कागद फिरतो आहे. मजकूर असा, की शाळेत येऊन होणारी मुलांची नेत्रतपासणी वरवरची असते, तिच्यातून निघणाऱ्या चिठ्ठ्यांमुळे पालकांना विनाकारण घोर लागतो, धडधाकट मुलांच्या नाकावर चष्मे चढतात, सबब ही तपासणी बंद करावी. 'सबब' हा शब्द वाचला आणि अर्ज कुणी लिहिला ते ओळखलं. गृहस्थ कोर्टात नोकरीला आहेत. माणूस वाईट नाही. गेल्या वर्षीच्या पालकसभेत त्यांनीच उठून "आमची पोरं आजारी ठरवायचं कंत्राट शाळेनं घेऊ नये" असं ठणकावलं होतं आणि टाळ्या मिळवल्या होत्या. त्यातल्या दोन टाळ्या माझ्या होत्या, खोटं कशाला सांगू?

कारण त्याच आठवड्यात पहिलीतल्या आमच्या लेकीच्या दप्तरात, अर्धवट खाल्लेल्या पोळीच्या डब्याखाली, एक चिठ्ठी सापडली होती. वर शिक्का, खाली न लागणारी सही आणि मधे पेनाने लिहिलेलं: उजवा 6/9, डावा 6/24, नेत्रतज्ज्ञांना दाखवणे. बस, एवढंच. म्हणजे काय, कधी दाखवायचं, कुठे दाखवायचं, काहीही नाही. त्या रात्री बायकोला झोप लागली नाही आणि मी झोपल्याचं सोंग केलं. मोबाईलवर ते आकडे टाकून बघितले, तर अर्ध्या तासात चष्म्यापासून मेंदूतल्या गाठीपर्यंत सगळं वाचून झालं. तेव्हा चिठ्ठीने घोर लागतो हे अर्जातलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. भांडण त्याच्या पुढच्या 'विनाकारण' या शब्दाशी आहे.

या शब्दाच्या मागे एक ठाम समजूत उभी आहे: मुलाला कमी दिसत असतं तर आम्हाला कळलं नसतं का? पोरगं टीव्ही बघतं, पतंग उडवतं, जमिनीवर पडलेला मणी उचलून आणतं, मग त्याला दिसत नाही असं कसं म्हणता? हा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर रविवारी सकाळी घरातच मिळालं. लेकीला खिडकीशी उभं केलं. समोर किराणा दुकानाची पाटी. तिचा डावा डोळा मी हाताने झाकला. तिने पाटी वाचली, अडखळत, पहिलीतलं मूल वाचतं तशी. मग उजवा झाकला. तिने माझा हात बाजूला सारला. पुन्हा झाकला, पुन्हा सारला. तिसऱ्यांदा जरा वैतागून म्हणाली, "बाबा, ह्या डोळ्यानं नाही दिसत. त्या डोळ्यानं दिसतं." जणू एका डोळ्याने बघायचं असतं आणि दुसरा शोभेला असतो, ही जगजाहीर गोष्ट आहे आणि बाबालाच तेवढी ठाऊक नाही.

तिने तक्रार का केली नाही? तक्रार करायला आधी चांगलं दिसत असायला हवं आणि मग ते कमी व्हायला हवं. तिच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून असंच दिसत होतं. दोन्ही डोळे उघडे असले की उजवा सगळं काम उरकतो, मणी उचलतो, पतंग उडवतो, आईबापाला फसवतो. डोळा लाल नाही, पाणी नाही, तिरळेपणा नाही. बाहेरून बघून हे कळायला मार्गच नाही. एक डोळा झाकून दुसऱ्याला विचारणं हा एकच उपाय, आणि तो आपल्यापैकी किती घरांत होतो? शाळेत येणारी ती माणसं हेच करतात. एक डोळा झाकतात आणि दुसऱ्याला विचारतात.

यातली घाई कशाची ते समजून घ्यायला हवं, कारण अर्जाचं सगळं वजन 'मोठं झाल्यावर बघू' या वाक्यावर आहे. बघण्याचं निम्मं काम डोळा करतो आणि निम्मं मेंदू. मेंदूचं ते काम लहानपणी शिकून होतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर टाके काढले. डोळा निरोगी, पडदा निरोगी, पण मेंदूचा बघणारा भाग त्या डोळ्याला दाद देईना. त्या भागातल्या पेशी चालू डोळ्याच्या बाजूला निघून गेल्या होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काहीही बिघडलं नाही. या कामासाठी त्यांना 1981 चं नोबेल मिळालं. आमच्या लेकीचा डोळा कुणी शिवला नव्हता. तिच्या डाव्या डोळ्याचा प्लस नंबर उजव्यापेक्षा तीनने जास्त होता, एवढंच. त्या डोळ्यातून जन्मापासून पुसट चित्र जात होतं आणि मेंदूने पुसट चित्राकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली होती. याला डॉक्टर अँब्लियोपिया म्हणतात, बोलताना 'आळशी डोळा' म्हणतात. नाव अन्यायाचं आहे. डोळा आळशी नाही, त्याला कामच दिलेलं नाही. शंभर मुलांत एक ते तीन मुलांना हा त्रास असतो. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात एखादं असायला हरकत नाही, आणि ते मूल पतंगही उडवत असणार.

मेंदूची ही सवय मोडायला सर्वांत सोपा काळ सातव्या-आठव्या वर्षापर्यंतचा. त्यानंतर दार एकदम बंद होत नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पाचवीतल्या मुलाचे आईबाप हा मजकूर वाचून हातपाय गाळतील. अमेरिकेत 7 ते 17 वर्षांच्या 507 मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. 7 ते 12 वयाच्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना उपचाराने फरक पडला. तेरा ओलांडलेल्यांत हे प्रमाण चौथाईवर आलं. तारुण्यात आल्यावर बघू म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

आता 'वरवरची तपासणी' हा आरोप. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला मला लाज नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत जे पथक येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम देशभर सुरू झाला तो फेब्रुवारी 2013 मध्ये, आणि सुरुवात झाली ती आपल्याच पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. एकेका दिवसात वर्गच्या वर्ग. वजन, उंची, दात, कान, हृदय, रक्त कमी आहे का, आणि त्यातच डोळे. एका मुलाच्या वाट्याला मिनिटं किती येणार? मी एकदा व्हरांड्यातून हे बघितलं आहे. तक्ता भिंतीला, वीस फुटांवर खडूची रेघ, रेघेवर पोरगं. हाताने डोळा झाकायला सांगितला की निम्मी पोरं बोटांच्या फटीतून बघतात. रांगेतली पुढची चार ऐकून पाचव्याचा तक्ता पाठ झालेला असतो, पाढ्यांसारखा. काही पोरं उगाच घाबरतात आणि दिसत असूनही गप्प बसतात.

होतात ना चुका. पण अर्जदारांनी चुकांची दिशा बघितलेली नाही. गप्प बसलेल्या पोराला चिठ्ठी मिळते, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, आईबाप रजा फुकट गेली म्हणून चरफडत घरी येतात. बोटांच्या फटीतून बघणाऱ्या पोराला चिठ्ठीच मिळत नाही आणि त्याचे आईबाप निर्धास्त राहतात. पहिल्या चुकीची किंमत एक रजा आणि तीन रात्रींची झोप. दुसरीची किंमत एक डोळा. तपासणी घाईची आहे म्हणून बंद करा असं म्हणणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचं मूल दिसतच नाही, कारण ते कुणाच्याच यादीत नसतं.

शिवाय ही चाळण आहे हे कुणी लपवलेलं नाही. आपल्याकडे चाळणी परीक्षा म्हणतात तशी. चाळणी परीक्षेत अडकलेला उमेदवार नापास म्हणून जाहीर होत नाही, त्याला पुढच्या फेरीला बोलावतात. चिठ्ठीवर 'दाखवणे' लिहिलेलं असतं, 'झालं आहे' असं नाही. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, रेटिनोस्कोपची रेघ डोळ्यावर फिरवून बघितल्याशिवाय लहान मुलाचा नंबर कुणालाही नक्की सांगता येत नाही. मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं की ते ताण देऊन खरा नंबर दडवतं. चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रापुढे थेंब न घालता मुलाला बसवलं तर नसलेला मायनसही निघू शकतो. त्यामुळे धडधाकट नाकावर चष्मा चढतो तो बहुतेक वेळा चिठ्ठी डावलून थेट दुकानात गेल्यामुळे. एक गोष्ट मात्र अर्जदारांच्या पदरात टाकतो. काही खाजगी शाळांत चष्म्याची दुकानंच 'मोफत शिबिर' भरवतात. तिथे शंका घ्यायचा हक्क पालकांना आहे. चष्मा न विकणाऱ्या डॉक्टरकडे मूल नेलं की ती शंका फिटते.

"एकदा चष्मा लागला की नंबर वाढतच जातो." हे वाक्य अर्जात जसंच्या तसं आहे. मला ते माझ्या आईने सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, रिक्षावाल्याने सांगितलं. पोराच्या चपलेचा नंबरही दरवर्षी वाढतो. चप्पल घातल्यामुळे पाय वाढला असं म्हणणारा अजून भेटायचा आहे. मायनसचा नंबर वाढतो कारण वाढत्या वयात डोळा लांब होत जातो. मलेशियात 9 ते 14 वयाच्या 94 मुलांवर हेच तपासून बघितलं, निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले. काहींना पूर्ण नंबराचा चष्मा दिला आणि काहींना 'डोळ्याला सवय नको' म्हणून मुद्दाम कमी नंबराचा. दोन वर्षांनी कमी नंबर दिलेल्यांचाच मायनस जास्त वाढलेला निघाला. आणि आमच्या लेकीसारखा प्लस नंबर असेल तर वयाबरोबर तो बहुधा कमीच होत जातो.

गाजराबद्दल फार लिहीत नाही. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, म्हणूनच अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी ते पाजतात. पण ते पुरेसं मिळालेल्या मुलाला किलोभर गाजरं चारून नंबर उतरत नाही. तळवे चोळून डोळ्यांवर ठेवण्याच्या व्यायामाचंही तेच. अमेरिकेतल्या बेट्स नावाच्या डॉक्टरने 1920 मध्ये त्यावर पुस्तक काढलं, शंभर वर्षं ते खपतंय आणि चष्म्याची दुकानंही चालूच आहेत.

आता जे अर्जात लिहिलेलं नाही पण सही करताना बोललं जातं त्याच्याकडे येतो. "मुलीची जात, आत्तापासून चष्मा म्हणजे..." हे वाक्य पुरं कुणी करत नाही. करायची गरजही पडत नाही. मुलाला चष्मा लागला तर हुशार दिसतो, मुलीला लागला तर स्थळाची काळजी. वय वर्षं सहा! आणि दुसरं, आमच्या घरात प्रत्यक्ष घडलेलं. चिठ्ठी आली त्या संध्याकाळी माझी आई सुनेला म्हणाली, "तू मोबाईल हातात दिलास, त्याचं हे फळ." बायको रात्रभर जागी होती ती त्या आकड्यांमुळे की या वाक्यामुळे, हे मी अजून विचारलेलं नाही.

हा आरोप किती मुलांच्या आयांच्या वाट्याला येत असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका डोळ्याचा प्लस नंबर जास्त असणं हे मोबाईलने होत नाही. बाळ जन्मतं तेव्हा डोळा आखूड असतो, बहुतेक बाळांना प्लस असतोच, डोळा वाढत जातो तसा तो उतरतो. कधी एक डोळा वाढीत मागे राहतो. यात कुणी काही दिलं नाही आणि कुणाचं काही चुकलं नाही. मायनसची गोष्ट वेगळी. तिथे घरात कोंडून राहण्याचा संबंध आहे. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात पहिलीतल्या मुलांना रोज शाळेत 40 मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला दिली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना मायनस लागला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा नातवंडांना अंगणात पिटाळणाऱ्या आज्या बरोबरच आहेत. सुनेला बोलणाऱ्या चूक आहेत.

अर्ज करायचाच आहे तर आपण एकत्र करू, पण मजकूर बदलून. माझा राग चिठ्ठी दिल्याबद्दल नाही, दिली कशी त्याबद्दल आहे. ती वर्गात नाव पुकारून देऊ नये, कारण त्या दिवशी आमची लेक 'चष्मीस' होऊन घरी आली, चष्मा लागायच्या आधीच. चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी असाव्यात: हे निदान नाही, पण महिन्याभरात दाखवा. कुठल्या वारी कुठल्या रुग्णालयात मुलांचा नेत्रतज्ज्ञ बसतो ते छापलेलं असावं. आम्हाला हे कळायला दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या दिवशी डॉक्टर शिबिराला गेलेले, दुसऱ्या दिवशी केसपेपरची खिडकी बंद झालेली. माझी रजा पगारी होती. आमच्या पुढे रांगेत एक ऊसतोडीचं जोडपं होतं, त्यांचा त्या दिवसाचा खाडा मुकादमाने धरलाच असणार. मोफत चष्मा मिळतो, पण फ्रेम नाकावरून घसरणारी असली की तो आठवड्यात दप्तराच्या तळाशी जातो. आणि सर्वांत मोठं दुखणं हे, की चिठ्ठी दिलेलं मूल पुढे पोचलं का, हे बऱ्याचदा कुणी विचारायलाच येत नाही. यासाठी भांडा. मी पहिली सही करतो.

तिसऱ्या फेरीला थेंब पडले. दर दहा-पंधरा मिनिटांनी, तीनदा. पहिल्या थेंबाला ती रडली, दुसऱ्याला तिने माझा अंगठा धरला, तिसऱ्याला परिचारिकेलाच म्हणाली, "झालं का तुमचं?" बाहेर पडलो तेव्हा दीडचं ऊन. मोठ्या झालेल्या बाहुल्यांना ते सोसेना, म्हणून आजीच्या पदराखाली डोकं घालून ती रिक्षापर्यंत गेली. सुनेला बोलणारी आजी हीच.

उजवा प्लस दीड, डावा प्लस साडेचार. उपचार काय, तर चष्मा. पहिले चार महिने फक्त चष्मा, कारण पुष्कळ मुलांचा डोळा तेवढ्यावरच कामाला लागतो. नंतर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. दोनच तास, कारण सात वर्षांखालच्या मध्यम त्रासाच्या मुलांना सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण दोन तासांच्या पट्टीने येतो, हे 2003 मध्ये अमेरिकेत 189 मुलांवर पडताळलेलं आहे. पट्टी लावून ती चित्रं रंगवते, तांदूळ निवडायला बसते, आजीशी पत्ते खेळते आणि हरली की पट्टीला दोष देते. वर्ष होत आलं. डावा डोळा 6/24 वरून 6/12 वर आला आहे.

एका बाबतीत मात्र पथकाची वाट बघू नये. मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल किंवा डोळा अचानक तिरळा झाला असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. पांढरी चमक मोतीबिंदूची असू शकते, पडद्याच्या गाठीचीही असू शकते. तिरळं बघणारं मूल भाग्यवान असतं असं सांगणारे शेजारी त्या आठवड्यात भेटणारच. त्यांना नमस्कार करावा.

एवढ्या तावातावाने लिहायचं कारण सांगायचं राहिलं. बाविसाव्या वर्षी एका सरकारी भरतीच्या वैद्यकीय तपासणीत मला डावा डोळा झाकायला सांगितला. वाचलं. मग उजवा झाकायला सांगितला. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर दिसलं, खाली नुसतं धुकं. मला वाटलं तक्ता खराब आहे. तपासणाऱ्याने विचारलं, "लहानपणी कुणी बघितलं नाही का?" कुणी बघितलं नव्हतं. आमच्या शाळेत तेव्हा कुणी येत नव्हतं. चष्मा लावूनही तो डोळा आता फारसा सुधारणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ती नोकरी गेली. "आमच्या घराण्यात कुणालाच चष्मा नाही," हे माझी आई अभिमानाने सांगायची आणि नातीला चष्मा लागेपर्यंत ते खरंही होतं.

असा डोळा असलेल्या माणसाने आपल्या मुलीचे डोळे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच दाखवून आणायला हवे होते, कारण हे घराण्यात चालतं. मी नाही आणले. ते काम शाळेत आलेल्या पथकाने केलं, घाईत का होईना, आणि त्याबद्दल मी पालकसभेत त्यांच्याविरुद्ध टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात ज्या मुलांना चिठ्ठ्या मिळाल्या त्यांत अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांचा मुलगाही होता. तो येत्या आषाढात सात पूर्ण करेल. त्यांचा कागद मी सही न करता परत पाठवतो आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे: मुलांची नेत्र ओपीडी मंगळवार आणि शुक्रवार, केसपेपर सकाळी 9 ते 12, शाळेची चिठ्ठी सोबत आणावी, थेंब घालतात म्हणून टोपी न्यावी.